बेळगाव ते वेंगुर्ला: दीडशेची जेनोआ का उतरवली

आमच्या ३० फुटी शिडाच्या बोटीला १५० टक्क्यांची जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्याही मागं जाणारं मोठं पुढचं शीड, होती, आता १२० ची आहे. जानेवारीत तीन दिवस पणजी-वेंगुर्ला-पणजी करून दोन्ही शिडं चालवून बघितली आणि मगच ठरवलं. सगळं लिहून ठेवायलोय कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची चार-पाच पोरं आता गोव्यात जुन्या बोटी बघायलेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच की पुढचं शीड केवढं पाहिजे.

आधी माप. आम्हाला बोट विकणाऱ्यानं १३५ सांगितलेलं, ते आम्ही दोन वर्षं धरून चाललो. शेवटी शीड गाडीच्या टपावर बांधून चोर्ला घाटातून वर आणलं आणि वडगावात एका कार्यालयाचा हॉल रिकामा होता तिथं पसरलं, कारण ३८ फूट लांब कड घरात कुठं मावणार. डेकवर डोलकाठीच्या पुढच्या बाजूपासून पुढच्या तारेच्या बुडापर्यंत १२ फूट आलेलं. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून, म्हणजे क्लूमधून, पुढच्या कडेवर काटकोनात टेप धरला तर १८ फूट. १८ भागिले १२, दीडपट, म्हणजे सरळ १५०. क्षेत्रफळ ३८ गुणिले १८ भागिले २, साधारण ३४० चौरस फूट, तीन-साडेतीन नऊवारी लुगडी होतील एवढं कापड. १२० च्या शिडाचं हेच माप १४ फूट ५ इंच येतं आणि क्षेत्रफळ २७० च्या आसपास.

काकांना मुद्दाम बोलावलं होतं, आयुष्यभर माग चालवलेला माणूस. त्यांनी कापड आधी उभं ओढलं, मग आडवं, मग तिरकं, आणि म्हणाले, "ताणा-बाणा मजबूत हाय रे अजून, पण तिरकं बघ, रबरासारखं यायलंय." हेच महत्त्वाचं होतं. डेक्रॉनला, म्हणजे शिडाच्या पॉलिएस्टर कापडाला, कडकपणा येतो तो त्यात भरलेल्या रेझिनमुळं, आणि उन्हानं, फडफडण्यानं ते रेझिन तुटलं की कापड तिरकं ताणतं, वारा वाढला की शिडाचं पोट मागं सरकतं आणि बोट पुढं जायच्या ऐवजी नुसती कलते. जुनं शीड घेताना टक्केवारीच्या आधी हे तिरकं ओढून बघा.

शुक्रवारी दुपारी निघालो, जांबोटी, कणकुंबी, घाट उतरून साखळी, संध्याकाळी बोटीवर. शनिवारी पहाटे साडेसहाला आग्वादच्या बाहेर. या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई सुटते, पूर्वेकडनं, ७-८ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), समुद्र अगदी सपाट, आणि वेंगुर्ला आग्वादपासून उत्तरेला साधारण २३ सागरी मैल, म्हणजे वारा बरोबर बाजूनं. इथं १५० खरंच सुंदर चालतं, ४ नॉटच्या वर वेग, इंजिन बंद, पाण्याचा आवाज सोडून काही नाही. तेरेखोलच्या समोर दहा वाजले. मग वारा मेला, तासभर काहीच नाही.

साडेअकराला खारा वारा भरायला लागला, वायव्येकडनं, म्हणजे जवळजवळ आम्हाला जायचं त्याच बाजूनं. एक वाजेपर्यंत १५-१६ नॉट. सकाळी ८ नॉट होता, आता दुप्पट, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो त्यामुळं शिडावर चौपट ओझं. बोट २५-३० अंश कललेली, सुकाणू दोन हातांनी धरायचं. फर्लरवर, म्हणजे पुढच्या तारेवर शीड गुंडाळायच्या यंत्रावर, जेनोआ तिसरा हिस्सा गुंडाळली तर ओझं कमी झालं पण आकार गेला, मधे पिशवीसारखं पोट आणि पुढची कड जाड गुंडाळीची. वाऱ्यावर चढेना, म्हणजे वाऱ्याच्या उलट पुढं जाईना. एका टॅकपासून दुसऱ्या टॅकपर्यंत, म्हणजे नागमोडी चढताना एका तिरक्या दिशेपासून दुसरीपर्यंत, १०० अंशांच्या खूप वर कोन जायला लागला, त्यात मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये टाळायचे. शेवटचे आठ-नऊ मैल असे गेले, नांगर टाकला तेव्हा पाच वाजून गेलेले आणि हात सुजलेले.

शीड बदलायचं तर पहाटे, नांगरावर, वारा नसताना. समुद्रात कधीच नको. एकजण हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, हळूहळू सोडतो, दुसरा पुढं बसून शीड मांडीवर घेतो, आणि नवं चढवताना खोबणीत कड सरळ जाते का ते त्यानंच बघायचं. रविवारी सकाळी आम्हाला पाऊण तास लागला. नवं चढवल्यावर एकदा पूर्ण गुंडाळून बघा, वर शीटचे, म्हणजे क्लूला बांधलेल्या शीड ओढायच्या दोरीचे, दोन वेढे बसून फर्लरच्या ड्रमवर गुंडाळायच्या दोरीचे चार-पाच वेढे शिल्लक पाहिजेत, आणि उन्हासाठी लावलेली पट्टी बाहेरच्या बाजूला आली पाहिजे.

रविवारी दुपारी तोच वारा, तेवढाच. मुद्दाम दोन तास वाऱ्याच्या तोंडावर चढवत नेली. १२० पूर्ण उघडं, मेनसेलला, म्हणजे डोलकाठीच्या मागच्या शिडाला, एक रीफ (एक टप्पा लहान केलेलं), कल २० च्या आत, सुकाणू एका हातात, आणि टॅकचा कोन ९५ च्या आसपास. क्लू डोलकाठीला अडकत नाही म्हणून प्रत्येक टॅकला विंचवर, म्हणजे शीट ओढायच्या चरकावर, निम्मीच मेहनत. सोमवारी परतताना सकाळच्या मतलईत अर्धा नॉट कमी पडला हे खरं, आणि दुपारी वारा मागनं आला तेव्हाही मोठं शीड पाहिजे होतं असं वाटलं. पण मागनं वारा असताना हळू जाण्यात धोका नाही, आणि सकाळी कमी पडलं तर इंजिन आहे. दुपारी किनाऱ्याच्या बाजूला ढकलणाऱ्या वाऱ्यात चढता न येणं हाच खरा धोका. म्हणून आपल्या किनाऱ्यावर फर्लरवर एकच शीड ठेवणार असाल तर ११५ ते १३० च्या मधलं घ्या, आणि बोट हलकी किंवा कील (बुडाखालचं जड पातं) उथळ असेल तर त्यातलंही लहान.

आणि मोठं शीड आधीच गळ्यात पडलेलं असेल तर, गुंडाळलं की क्लू वर आणि पुढं सरकतो, त्यामुळं शीट जिथनं येते तो कारही (सरकणारी कप्पी) डेकवरच्या रुळावर पुढं सरकवायचा. हे आम्ही शनिवारी उशिरा केलं. शिडाच्या पुढच्या कडेला वर-खाली लावलेल्या लोकरीच्या दोऱ्यांपैकी वरची खालच्याच्या आधी फडफडायला लागली की कार मागं राहिलाय असं समजा. कुठल्या गुंडाळीला कार कुठं, ते शिडाच्या खालच्या कडेवर आणि रुळावर रंगाच्या खुणा करून ठेवा, म्हणजे घाईत शोधत बसायला लागत नाही.

१५० परत वर आणलंय. गोड्या पाण्यानं दोनदा धुतलं, सावलीत वाळवलं. काका रोज थोडं थोडं बघतायत, उन्हाच्या पट्टीचा दोरा नखानं उचलला की तुटतोय, कापडाच्या आधी शिवण गेलीय.