अखेर गुलाबी रंग टिकला : नाताळच्या कुकीजचा सातवा घाणा

परवा रात्री साडेनऊला ओटीजीमधून, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या भट्टीतून, काढलेला सातवा घाणा जाळीवर गार झाला, आणि सकाळी तो खिडकीजवळ नेऊन उन्हात पाहिला तेव्हाही गुलाबीच होता. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली रंगाचा भरवसा धरता येत नाही, हे तिसऱ्या घाण्याच्या वेळी कळले होते, म्हणून उजाडेपर्यंत मी घरात कोणाला काही बोलले नाही. मागच्या नोंदी वाचलेल्यांना ठाऊक आहे की सप्टेंबरपासून माझा जीव एकाच गोष्टीत अडकला आहे : केकच्या तयार प्रिमिक्सपासून, अंडे न घालता आणि बाजारचा रंग न वापरता, नाताळच्या डब्यात शोभेल अशी रंगीत कुकी करायची. बीटाचे सहा घाणे विटकरी किंवा मातकट निघाले आणि सातवा गुलाबी निघाला. त्यामागचे कारण सापडले ते मात्र गुलाबी घाण्यात नव्हे, तर पिवळ्या घाण्यात.

बाजारचा रंग का नको, हे नव्याने आलेल्यांसाठी एकदा सांगते. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडी यांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, आणि ऱ्होडामाइन-बी या कापड रंगवायच्या रंगाचे नाव आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घराघरात पोहोचले. खाद्यपदार्थांसाठी मान्य असलेले आठ कृत्रिम रंग आपल्याकडे आहेत आणि त्यांची सर्वसाधारण मर्यादा १ किलो पदार्थात १०० मिलिग्रॅम इतकी आहे, हे मला मान्य आहे. परंतु जेलच्या बाटलीतून पडणाऱ्या थेंबात रंग किती मिलिग्रॅम आहे हे घरच्या काट्यावर मोजता येत नाही, आणि माझ्या कुकीज खाणाऱ्यांत निम्मी मुले सात वर्षांच्या आतली आहेत. त्यामुळे बीट, पालक, हळद आणि गोकर्णाची फुले एवढ्याच चार रंगांवर काम करायचे, हे मी ठरवून टाकले आहे.

मूळ कृतीत बदल नाही. २५० ग्रॅम व्हॅनिला प्रिमिक्स, ६० ग्रॅम बिनमिठाचे मऊ बटर, दोन ते तीन चमचे दूध, फ्रिजमध्ये अर्धा तास विश्रांती आणि १५ ग्रॅमचे गोळे. मैदा, साखर, दुधाची भुकटी आणि पीठ फुगवणारे क्षार प्रिमिक्समध्ये आधीच मिसळलेले असतात, म्हणून हा प्रकार इतका सोपा होतो. मात्र आत सोडा किती पडला आहे हे आपल्या हातात राहत नाही, आणि माझी सगळी अडचण नेमकी तिथेच होती.

आता बीटाची कहाणी. पहिल्या घाण्यात मी बीटाचा रस घातला. रसातल्या पाण्याने पीठ सैल झाले, कुकीज ट्रेभर पसरल्या आणि भाजल्यावर रंग चहाच्या डागासारखा दिसला. दुसऱ्या वेळी रस आटवून घट्ट केला, तर तो आटतानाच तांबूस पडला. तिसऱ्या वेळी एका पुरवठादाराकडून बीटाची तयार भुकटी मागवली. पाकीट उघडताच ती गुलाबीऐवजी तपकिरीकडे झुकलेली दिसली, तरीही वापरली आणि कुकीजवर नुसते ठिपके उठले. माझे स्पष्ट मत असे की बीटाची भुकटी विकत घेऊ नये. बेळगावच्या बाजारात बीट ताजे मिळते, आपल्याकडची भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. मग वर्षभर पडून राहिलेली भुकटी कशासाठी घ्यायची? चौथ्या घाण्यासाठी मी बीटाचे पातळ काप तीन दिवस सावलीत वाळवले, हाताने मोडल्यावर कट्कन तुटतील इतके कोरडे झाल्यावर मिक्सरमध्ये फिरवले आणि दोनदा चाळले. कच्च्या पिठाचा रंग इतका सुरेख आला की मी गोळ्यांचे छायाचित्र काढून ठेवले. बारा मिनिटांनी ट्रे बाहेर काढला तेव्हा सगळे गोळे विटेच्या रंगाचे झाले होते.

पाचव्या घाण्याच्या आधी मी ओटीजीत ठेवायचा छोटा तापमापक आणला, आणि गेल्या दोन वर्षांत केलेली ही सर्वांत उपयोगी खरेदी आहे. बटण १५० वर ठेवले असता आतले तापमान १७५ अंश सेल्सिअस भरले. म्हणजे मी १८० समजून ज्या कुकीज भाजत होते, त्या २०० च्या पुढे भाजल्या जात होत्या. तापमान उतरवल्यावर वरची बाजू थोडी सुधारली, तळ मात्र तपकिरीच राहिला. सहाव्या घाण्यात ओटीजीबरोबर आलेला काळा ट्रे बदलून साधा ॲल्युमिनियमचा ट्रे घेतला, कारण काळा पत्रा उष्णता जास्त ओढून घेतो आणि तळ लवकर करपतो. तळ सुधारला, पण रंग पुन्हा तोच निघाला, मधोमध फिकट गुलाबी आणि कडेला विटकरी. इथे मी खरोखर खचले होते आणि बीटाचा नाद सोडून या वर्षी नुसत्या हळदीच्या पिवळ्या कुकीज करायच्या, असे मनाशी ठरवले होते.

त्या पिवळ्या कुकीजनीच गाठ सोडवली. गोळ्यांवर भेगा जास्त पडाव्यात म्हणून मी त्यात चिमूटभर जादा सोडा घातला होता आणि घाईत तो चाळला नव्हता. भाजलेला ट्रे ओट्यावर ठेवला तेव्हा पिवळ्या कुकीजवर मोहरीएवढे लालभडक ठिपके होते. सासूबाई चहाला आत आल्या आणि ट्रे पाहून म्हणाल्या, “अगं, ह्यावर कुंकू कुणी सांडलं?” मी म्हटले, आई, कुंकू नाही, नुसती हळद आहे. त्या सहज बोलून गेल्या, “हळदीला चुना लागला की ती लालच होते की गं, कुंकू तसंच तर करायचे पूर्वी.”

मी हातातला उलथना खाली ठेवला. हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण प्रत्येकीने पाहिले आहे. हळदीतले कुर्क्युमिन क्षारात लाल होते आणि आम्लात पुन्हा पिवळे होते. सोड्याच्या न फुटलेल्या कणाभोवती जे घडत होते, तेच सौम्य प्रमाणात सगळ्या पिठात घडत असेल तर बीटाचा रंग टिकणार कसा? बीटातले बेटानिन साधारण पीएच (आम्ल-क्षाराचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर क्षार) ३ ते ७ या पट्ट्यात तग धरते. पीठ क्षाराकडे झुकले की ते मोडते आणि पिवळट तपकिरी होते. शिवाय क्षारामुळे साखर आणि दुधातली प्रथिने यांची तपकिरी होण्याची क्रियाही वेग घेते. कांदा परतताना चिमूटभर सोडा टाकला की तो झटकन तांबूस होतो, तोच हा प्रकार आहे. म्हणजे रंग एकीकडून मोडत होता आणि दुसरीकडून त्याच्यावर तपकिरी थर चढत होता, आणि मी सहा घाणे नुसता बीट बदलत बसले होते.

त्याच संध्याकाळी पडताळणी केली. घरात दोन प्रिमिक्स होते, एक छापील पाकिटातले आणि दुसरे बाजारातून आणलेले सुटे, ज्याच्यावर तारीखसुद्धा नाही. दोन स्टीलच्या वाट्यांत दोन्हींचा एकेक चमचा घेतला, प्रत्येकी दोन चमचे पाणी आणि चिमूटभर हळद घालून ढवळले. छापील पाकिटाची वाटी पिवळी राहिली. सुट्याची वाटी पाच मिनिटांत नारिंगी झाली आणि तळाशी लालसर रेघ उमटली. छापील पाकिटावर ५००(ii) आणि ४५०(i) असे दोन्ही क्रमांक आहेत. पहिला खाण्याचा सोडा आणि दुसरा त्याला निष्क्रिय करणारा आम्ल फॉस्फेट. सुट्या मालात हा समतोल बिघडलेला असावा. दुकानात विचारले तर “अडुगे सोडा (खाण्याचा सोडा) थोडा जास्तच असतो, केक चांगला फुगतो” एवढेच उत्तर मिळाले. केकला ते चालतही असेल, परंतु रंगीत कुकीसाठी सुटे प्रिमिक्स घेऊ नये, असे मी आता ठामपणे सांगते. निदान हळदीची वाटी करून पाहिल्याशिवाय तरी घेऊ नये.

सातवा घाणा असा झाला. छापील पाकिटातले २५० ग्रॅम प्रिमिक्स चाळून घेतले. बीटाची घरची भुकटी दोन चहाचे चमचे, ती दुधात न भिजवता थेट मऊ बटरमध्ये घोटली, कारण पाण्याचा संपर्क जितका कमी तितका हा रंग जास्त टिकतो. नंतर लिंबाचा रस दोन चहाचे चमचे आणि दूध फक्त एक चमचा. रस पडताच पिठात बारीक बुडबुडे आले आणि जांभळटपणाकडे झुकलेला रंग डोळ्यांदेखत उजळ गुलाबी झाला. तो क्षण पाहण्यासाठी एवढे दिवस घालवल्याचे समाधान वाटले. गोळे अर्धा तास थंड केले, आधी साध्या साखरेत आणि मग पिठीसाखरेत घोळवले. साध्या साखरेचा थर आधी दिला की पिठीसाखर ओलावून विरघळत नाही, ही जुनी युक्ती इथेही लागू पडली. तापमापकावर खरे १५० अंश भरल्यावर ट्रे आत ठेवला आणि पंधरा मिनिटांनी कडा जेमतेम घट्ट होताच बाहेर काढला.

लिंबाचे आणखी दोन फायदे झाले. एक म्हणजे कुकीज पसरल्या नाहीत, आम्लामुळे पीठ लवकर धरते. आधी साडेसहा सेंटिमीटरपर्यंत जाणारी कुकी या वेळी पाचच्या आसपास थांबली आणि भेगा खोल पडल्या. दुसरे म्हणजे बीटाचा मातकट वास लिंबाखाली पूर्ण झाकला गेला. कुकी मोडून पाहिली तर आतला रंग बाहेरच्यापेक्षाही गडद होता. लाल मात्र हा रंग नव्हे. बीटातून भाजलेला लाल मिळत नाही, गुलाबीवर समाधान मानावे लागते, असे मी इथवर लिहून ठेवले होते.

पण हे लिहितानाच हिरव्याचा उलगडा झाला. ऑक्टोबरमधला पालकाचा घाणा शेवाळी निघाला होता आणि त्यात मी चवीसाठी दही घातले होते. पालकाचे हरितद्रव्य बीटाच्या अगदी उलट वागते : आम्ल आणि उष्णता एकत्र आली की ते खाकी पडते आणि क्षारात हिरवेगार राहते. पालक शिजवताना काही जणी चिमूटभर सोडा टाकतात तो याचसाठी. म्हणजे टाकून द्यायला काढलेले सुटे प्रिमिक्स हिरव्यासाठी उपयोगी पडेल. पूर्ण वापरले तर साबणासारखी चव येण्याची भीती आहे, म्हणून निम्मे सुटे आणि निम्मे छापील घेऊन, दही आणि लिंबू दोन्ही वगळून, गुरुवारी छोटा घाणा करून पाहते. तिन्ही रंगांसाठी एकच मोठा गोळा मळून त्याचे भाग करायचे, ही आधीची योजना त्यामुळे रद्द झाली. प्रत्येक रंगाचे पीठ आता वेगळे मळावे लागेल. गोकर्णाची निळी फुले सध्या बाजूला ठेवते, कारण प्रिमिक्सच्या पिवळसर पिठात निळा रंग हिरवट दिसतो आणि लिंबू घातले की जांभळा होतो. जांभळी कुकी नंतर कधीतरी.

आणि लालही बहुधा मिळेल. काल जेवताना सोलकढीच्या वाटीकडे पाहून सुचले की कोकमाचा रंग आम्लातच खुलतो आणि आम्ल त्याच्याजवळ स्वतःचे आहे. तो पिठात घालून भाजण्याऐवजी गार झालेल्या कुकीवर पिठीसाखरेच्या लेपातून द्यावा. तिथे ना सोडा, ना उष्णता. अर्धी वाटी पिठीसाखरेत कोकमाचे दाट पाणी दोन चमचे घालून बशीत पसरवून पाहिले, तर डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग आला. अडचण एकच आहे, बाजारातल्या आमसुलांना मीठ लावलेले असते आणि लेप खारट होतो.

शेजारच्या आंटींना काल दुपारी चार गुलाबी कुकीज नेऊन दिल्या. त्यांच्याकडून दर नाताळात नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल या गोड पदार्थांनी भरलेला डबा आमच्याकडे येतो आणि आमचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो. या वर्षी २४ तारखेला आमचाही नाताळचा डबा जावा, असे मनात आहे. त्यांनी कुकी मोडली, आतला रंग पाहिला आणि विचारले की हा बेकरीचा रंग तर नाही ना. बीट म्हटल्यावर दुसरी उचलली.

खानापूर किंवा चंदगडकडे ज्यांच्या घरी कोकम वाळवतात, त्यांच्याकडे बिनमिठाची सोले (वाळवलेली कोकमाची साले) असतील तर मला पाव किलो हवी आहेत, २० डिसेंबरच्या आत. बदल्यात बीटाची घरची भुकटी देईन, ताजी चाळलेली, शंभर ग्रॅमची बरणी भरून तयार आहे.