बालवाडीची ताई दिवसभर नेमकं काय करते?

बालवाडी नऊला भरत असेल तर ताईचं काम साडेआठलाच सुरू झालेलं असतं. आधी जमीन बघायची: टाचणी, फुटलेला मणी, मुंग्या, सतरंजीखाली गेलेला खिळा. मग मोरी आणि संडास. सकाळी धुतलेली मोरी कोरडी केलेली नसेल तर पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी घसरणार, हे ठरलेलंच. त्यानंतर कोपरे मांडायचे. वीस मुलांसाठी चार कोपरे पुरतात: भातुकली, ठोकळे, पुस्तकं आणि हाताचं काम (मणी, दोरा, माती). प्रत्येक कोपऱ्यात पाचच बस्करं टाकायची. सहावं मूल आलं की त्याला जागा नाही हे आपोआप दिसतं आणि ते दुसरीकडे वळतं. बस्करं मांडली नाहीत तर भातुकलीत अकरा जण आणि पुस्तकांपाशी कुणीच नाही, अशी गत होते. मग ताईचा सगळा वेळ भांडणं सोडवण्यात जातो.

तीन वर्षांच्या मुलांसाठी दहा वेगवेगळी खेळणी ठेवण्यापेक्षा एकसारखी दोन-दोन ठेवावीत. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं, ही समज त्या वयात पुरती आलेलीच नसते. एकच लाल गाडी असेल तर चावे निघतात. त्यात मुलाचा दोष नाही, मांडणी चुकलेली असते.

एका ताईकडे किती मुलं असावीत? २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीस मुलांमागे किमान ३५ चौरस मीटरची खोली असं प्रमाण दिलेलं आहे. शहरातल्या अनेक खाजगी वर्गांत एका ताईपुढे चाळीस मुलं असतात. त्या वर्गात ताई कितीही गुणी असो, खाली लिहिलेल्यापैकी निम्मं काम होऊच शकत नाही, आणि हे पालकांनी प्रवेश घेण्याआधी विचारलं पाहिजे.

जून म्हणजे रडण्याचा महिना. सगळी नवी मुलं एकाच दिवशी बोलावणं ही सर्रास होणारी चूक. एक रडलं की पंधरा रडतात. पहिल्या आठवड्यात पाच-सहा नवी मुलं, तीही दीड तासच. पहिले दोन दिवस आई किंवा आजी वर्गात, मग दाराबाहेर, मग निरोप घेऊन घरी. मुलाची नजर चुकवून पळून जायला कुणाला सांगू नये. एकदा आई अशी नाहीशी झाली की मूल पुढचे कित्येक दिवस खेळ सोडून दारावर लक्ष ठेवून बसतं. ‘बारा वाजता येते’ हेही त्याला कळत नाही. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी येते’ हे कळतं, आणि आईने त्याच वेळी आलं पाहिजे. गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रडणं पुन्हा उसळतं, तेव्हा घाबरू नये. रडणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष द्यायचं ते अजिबात न रडता भिंतीला टेकून गप्प बसलेल्या मुलाकडे.

भाषा हे ताईचं सर्वांत मोठं साधन आहे. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. वारली मुलं बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. पानं, बिया, शंख, माती हेच साहित्य होतं. ताईने मुलाकडे जायचं, हा धडा आजही तितकाच लागू आहे. मेळघाटात मूल कोरकू बोलत येतं, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, सातपुड्यात पावरी किंवा भिली. कोरकू तर मराठीच्या कुळातलीही नाही. अशा वर्गात ताईने निदान पंचवीस शब्द मुलांच्या भाषेतले शिकून घ्यावेत: पाणी, भूक, शू, दुखतंय, भीती वाटते, आई, ये, बस. गोष्ट आधी त्यांच्या भाषेत मदतनीस किंवा एखादी आजी सांगेल, मग तीच ताई मराठीत सांगेल. गोष्ट ओळखीची असली की नवे शब्द आपसूक पकडले जातात.

मराठी घरातल्या मुलांसाठीही अक्षराआधी आवाज. टाळ्या वाजवून शब्द तोडायचा: का-व-ळा, तीन टाळ्या, के-ळं, दोन. मग ‘क’ने सुरू होणारी वस्तू खोलीत शोधायची. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले च वेगळे आहेत हे मुलाच्या कानाला कळतं, फक्त अक्षर एकच असल्याने पुढे गोंधळ होतो. म्हणून तोंडी खेळात ते वेगळेच ठेवावेत. चार वर्षांचं मूल ‘घर’ला ‘घल’ आणि ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणत असेल तर सर्वांसमोर दुरुस्त करू नये. ताईने आपल्या वाक्यात तोच शब्द नीट उच्चारून पुढे जावं.

आता लिहिण्याबद्दल. ‘आमचा मुलगा अजून अ आ इ लिहीत नाही’ ही तक्रार ऐकली नाही अशी पालकसभा नसते. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून टणक होत जातात. चौथ्या वर्षी हे काम बरंच बाकी असतं. अशा हाताला पेन्सिल धरून ओळी भरायला लावल्या की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यातून जोर लावतं, कागद फाडतं. एकदा बसलेली वाकडी पकड नंतर सोडवणं फार कष्टाचं असतं. म्हणून ताई हात तयार करते. क्रम असा: आधी मोठ्या हालचाली (चेंडू फेकणं, दोरीला लटकणं, भिंतीवर पाण्याने ब्रश मारणं), मग तळहात (माती, पीठ मळणं, ओलं फडकं पिळणं), मग चिमूट (चिंचोके उचलून बाटलीत टाकणं, कपड्यांचे चिमटे लावणं, मणी ओवणं), आणि शेवटी खडू. खडूही बोटभर लांब न देता तुटका, अडीच-तीन सेंटीमीटरचा द्यावा. तेवढा तुकडा मुठीत आवळून लिहिताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. ज्या गटात तीन वर्षांखालचं मूल आहे तिथे मात्र चिंचोके आणि मणी बाहेर काढूच नयेत. ते नाकात जातात, घशात अडकतात.

मळायचं पीठ वर्गातच करता येतं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक चमचा तेल, आणि पाऊण ते एक वाटी पाणी थोडं थोडं घालत. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. मैद्याऐवजी कणीक घेतली तर दुसऱ्याच दिवशी काळवंडते. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो. तेव्हा त्यात मूठभर कोरडा मैदा मळून घ्यावा आणि गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. मीठ इतकं असतं की मुलांनी तो खाता कामा नये, म्हणून या कोपऱ्यापाशी मोठं माणूस हवंच.

अक्षरांची ओळख सुरू झाली की आकाराच्या क्रमाने जावं. उभी दांडी, अर्धगोल, तिरपी रेघ हातात बसल्यावर ग, म, भ, न सोपे जातात. ‘अ’ने सुरुवात करणं म्हणजे अवघड आकार पहिल्याच दिवशी माथी मारणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे लिहिण्यासाठी पहिली-दुसरी समोर आहेच. ताईने पालकसभेत पालकांना स्वतःला डाव्या हाताने ‘क्ष’ पाच वेळा लिहायला लावावा. पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

रोजची निरीक्षणाची वही हा कामाचा न दिसणारा भाग. रोज चार मुलं, म्हणजे आठवड्यात वीस. ‘हुशार’, ‘मस्तीखोर’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘चार ठोकळे रचले, पाचवा पडला, पुन्हा पहिल्यापासून रचले’ असं लिहावं. सहा आठवड्यांच्या अशा नोंदी एकत्र वाचल्या की कळतं: हे मूल पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, समोरून मारली तर लगेच येतं. अशा वेळी ताईने निदान करू नये, पालकांना नोंद दाखवावी आणि कान तपासायला पाठवावं. पावसाळ्यात कान वाहणारी मुलं ‘लक्ष देत नाहीत’ म्हणून बोलणी खातात, हे मनाला लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी ही वही डॉक्टरांसमोर ठेवावी.

अंगणवाडी सेविकेच्या माथ्यावर याखेरीज बरंच काही आहे: वजन-उंची, दंडाचा घेर (सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण), गरम आहार, गृहभेटी, मोबाइलमधल्या नोंदी. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून कामांची यादी वाढतच गेली आहे, आणि एवढं काम घड्याळात बसत नाही म्हणून पहिला बळी जातो तो मुलांसोबतच्या दोन तासांचा. पर्यवेक्षिकेने निदान तेवढ्या वेळात माहिती मागू नये, हे मागणं अगदी रास्त आहे.

सुटताना घाई होते आणि चुका तिथेच होतात. मूल कुणाच्या हाती द्यायचं त्यांची नावं आणि फोटो वहीत हवेत. ‘मी त्याचा मामा’ एवढ्यावर मूल सोडायचं नाही, मूल मामाकडे धावत गेलं तरी नाही. मुलाच्या अंगावरच्या खुणा किंवा बोलण्यातून लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरात लावलेला असावा. मुलाला खोदून प्रश्न विचारू नयेत. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावं.

सगळी गेल्यावर मणी धुवायचे, फाटलेली पुस्तकं खळीने चिकटवायची, चार नोंदी लिहायच्या आणि आठवड्यातून एकदा, सोमवारसाठी, एकच कोपरा बदलायचा. चारही एकदम बदलले तर लहान मुलं बावरतात. एकही बदलला नाही तर तिसऱ्या आठवड्यापासून ठोकळे फेकले जाऊ लागतात.