नावात बदलणारं काही नको: कारखान्यातले पीसी, स्विच, लॉगिन आणि हुद्दे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्यातल्या मध्यम कारखान्यात नेटवर्कवरच्या मशिनांची यादी काढली, की साधारण हे दिसतं: अकाउंट-२, नवीन-पीसी, स्टोअर-जुना, शिंदेसर. मधूनमधून विंडोजने इन्स्टॉल होताना स्वतःच ठेवलेलं नाव, म्हणजे ‘डेस्कटॉप’ आणि त्यापुढे वाटेल ती सात अक्षरं-आकडे. यातलं अकाउंट-२ आता डिस्पॅचला बसलेलं असतं, ‘नवीन’ सहा वर्षांचं झालेलं असतं आणि शिंदे सर कधीच नोकरी सोडून गेलेले असतात. अँटिव्हायरसचा इशारा ‘शिंदेसर’ या नावाने आला, की तो पीसी कोणत्या टेबलावर आहे हे शोधण्यातच दुपार जाते. तोवर लागण शेजारच्या मशिनांत पोचते.

म्हणून नियम एकच धरा. मशीन भंगारात जाईपर्यंत जे बदलणार नाही, तेवढंच त्याच्या नावात घाला. विभाग, वापरणारा, मजला, मॉडेल, विंडोजची आवृत्ती हे सगळं बदलतं. त्याची जागा ॲसेट रजिस्टरमध्ये, म्हणजे कंपनीच्या वस्तूंच्या नोंदवहीत.

गावाचं नावसुद्धा बदलतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि ‘एयूआर’ने सुरू होणारी सगळी सर्व्हर-स्विचची नावं एका दिवसात जुनी पडली. पूर्ण नवं नाव घालायचं म्हटलं तर रोमन लिपीत ते २४ अक्षरं भरतं, आणि विंडोजचं नेटबायोस नाव (नेटवर्कवर मशीन ओळखायचं जुन्या पद्धतीचं नाव) १५ अक्षरांपुढे जात नाही. नुसतं ‘संभाजीनगर’ घेतलं तरी १३ गेली, हातात उरली दोन. रेल्वेचे संकेत घ्यावेत तर तेही टिकत नाहीत. छत्रपती संभाजीनगर स्थानकाचा एडब्ल्यूबी २०२५ मध्ये सीपीएसएन झाला. या सगळ्यात हललं नाही ते आरटीओचं पासिंग. छत्रपती संभाजीनगर २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, धाराशिव २५, नांदेड २६, हिंगोली ३८. वॉचमनपासून प्लांट हेडपर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ असतं. जागेचा कोड म्हणून मला याहून चांगलं काही सापडत नाही. एकाच जिल्ह्यात दोन प्लांट असतील तर पुढे एक अक्षर जोडायचं: वाळूजला एम२०डब्ल्यू, शेंद्र्याला एम२०एस. सुरुवातीला अक्षर हवंच, कारण नुसत्या आकड्यांचं नाव विंडोज घेत नाही आणि काही जुनी सॉफ्टवेअर आकड्याने सुरू होणाऱ्या नावाला आयपी पत्ता समजतात. (प्रत्यक्ष नावं रोमन अक्षरांतच ठेवायची, इथे फोनवर बोलतो तशी लिहितोय.)

पण हा कोड सगळ्या मशिनांना लावू नका. लॅपटॉप आज वाळूजला, उद्या जालन्याला. त्याचं नाव म्हणजे प्रकार आणि ॲसेट नंबर, बस्स: एनबी-०४१७ (एनबी म्हणजे नोटबुक). टेबलावरच्या मशिनाला पीसी-०४१८. क्रमांक दोघांना मिळून एकच चालू ठेवायचा, म्हणजे ०४१७ सांगितलं की वस्तू एकच निघते. पुष्कळ ठिकाणी लॅपटॉपला एलटी आणि डेस्कटॉपला डीटी वापरतात. ते टाळा, प्रेसशॉपच्या गोंगाटातून आलेल्या फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. आकडेही सुटे सांगायची सवय लावा, ‘शून्य चार एक सात’. मराठीत एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गफलत ठरलेली, आणि मग रिमोटवर भलत्याच माणसाचा स्क्रीन उघडतो. ओ आणि आय ही अक्षरं प्रकाराच्या कोडमध्ये घेऊच नका, लेबलवर ती शून्य आणि एक वाटतात. अंडरस्कोअरही नको, होस्टनेममध्ये, म्हणजे मशिनाच्या नेटवर्कवरच्या नावात, तो चालत नाही; अक्षरं, आकडे आणि मधला डॅश एवढंच.

स्विच, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) यांचं गणित उलटं. तिथे नाव जागेचं असतं, वस्तूचं नाही. एम२०डब्ल्यू-एसडब्ल्यू-०३ म्हणजे वाळूजच्या तिसऱ्या रॅकमधला स्विच. विजेच्या झटक्याने तो गेला आणि नवा बसवला, तरी नाव तेच राहतं. बदलतो तो ॲसेट नंबर आणि सिरियल नंबर. मॉनिटरिंग, बॅकअप, ड्रॉइंग यांतलं काहीच हलवावं लागत नाही. केबलला दोन्ही टोकांना एकच लेबल लावा: रॅक, पॅच पॅनल (केबली जिथे येऊन जुळतात ती पट्टी), पोर्ट. रॅकमधली जागा खालून वर मोजायची. स्विचच्या प्रत्येक पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये पलीकडे काय आहे ते लिहा. या कामाला एक आठवडा जातो, पण रात्रपाळीत लाइन बंद पडते तेव्हा केबल ओढून बघायची वेळ येत नाही.

प्रिंटरचं नाव मात्र माणसाला समजेल असंच हवं, कारण तो निवडणारा ऑपरेटर असतो. ‘डिस्पॅच-लेबल’, ‘स्टोअर-ए४’. मॉडेल नंबर घालू नका.

सर्व्हरला दोन नावं द्या. एक मशिनाचं, एम२०डब्ल्यू-एसआर-०२ असं. दुसरं कामाचं, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) सी-नेम, म्हणजे टोपणनाव म्हणून: टॅली, फाइल, ईआरपी. सगळ्या क्लायंटमध्ये, शॉर्टकटमध्ये, मॅप केलेल्या ड्राइव्हमध्ये कामाचंच नाव टाकायचं. हे न केल्यामुळे होणारा त्रास मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक टॅलीवाल्या ऑफिसात दिसतो. मल्टि-युजर टॅलीमध्ये क्लायंटला लायसन्स सर्व्हरचं नाव आणि पोर्ट द्यावा लागतो, मुळात ९९९९. सर्व्हर बदलला, नाव बदललं, की प्रत्येक क्लायंट एज्युकेशनल मोडमध्ये (बिनलायसन्सच्या मर्यादित रूपात) उघडतो आणि जीएसटी भरायच्या दिवशी अकाउंट्स विभाग हात बांधून बसतो. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस असलेल्या मशिनाचं नाव बदललं तर त्याच्या आत जुनंच नाव राहतं. एसपी-ड्रॉपसर्व्हर ही कमांड, मग एसपी-ॲडसर्व्हर ‘लोकल’सह, आणि सर्व्हिस रीस्टार्ट, हे हाताने करावं लागतं.

डोमेनचं, म्हणजे सगळी मशिनं आणि लॉगिन एकत्र सांभाळणाऱ्या विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (एडी) नाव ठेवताना ‘कंपनी.लोकल’ हा जुना रिवाज सोडा. ‘.लोकल’ २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय आपापसांत नावं शोधायची पद्धत) राखीव आहे, त्यामुळे मॅक आणि काही प्रिंटर गोंधळतात. स्वतःच्या मालकीच्या इंटरनेट डोमेनखाली ‘एडी’ असं सबडोमेन काढणं सगळ्यात सुरक्षित.

आता जुनी नावं बदलायची कशी. आधी रजिस्टर पूर्ण करा: सिरियल नंबर, जुनं नाव, नवं नाव, जागा, वापरणारा. मग रोज पाच-सहा मशिनं घ्या, एकदम सगळी नकोत. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट, ‘रिनेम धिस पीसी’, डोमेनचा पासवर्ड, रीस्टार्ट. त्या पीसीला लावलेला प्रिंटर कुणी शेअर करून घेतलाय का, हे आधी बघा. इथेच सगळ्यात जास्त तक्रारी येतात. नंतर डीएनएसमध्ये जुनी नोंद उरली का तपासा. दोन मशिनांना चुकून एकच नाव गेलं, तर दुसरं डोमेनला जोडताना पहिल्या मशिनाचंच डोमेनमधलं खातं ताब्यात घेतं आणि पहिल्यावर ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश येतो. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटनंतर मायक्रोसॉफ्टने हे बरंच आवळलंय. दुसऱ्याने बनवलेलं खातं पुन्हा वापरायला गेलं तर जोडणीच नाकारली जाते. फॉरमॅट करून जुन्याच नावाने जोडताना नव्या इंजिनिअरला येणारी अडचण बहुधा हीच असते.

लॉगिनला मी एम्प्लॉयी कोड वापरा असंच सांगेन. नाव-आडनावाचा हट्ट इथे टिकत नाही. ‘एस जाधव’ आणि ‘आर पवार’ प्रत्येक प्लांटला चार-पाच निघतात, लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं जुन्या पद्धतीचं लॉगिन २० अक्षरांत बसवावं लागतं. ज्ञानेश्वर ११, सूर्यवंशी ११, मध्ये एक टिंब, झाली २३. ईमेल मात्र नावाचाच ठेवा, आणि स्पेलिंग पीएफच्या नोंदीत असेल तेच. सूर्यवंशीत व्ही की डब्ल्यू, हा वाद एचआरच्या कागदावरच मिटवावा.

विभागाचं नाव हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. साखर कारखाने आणि सहकारी बँकांत आजही ‘ईडीपी’ आहे, इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंगच्या काळापासूनचं. काही ठिकाणी ‘सिस्टिम्स’, काही ठिकाणी ‘आयटी’. ‘एमआयएस’ म्हटलं की आता एक्सेलचे रिपोर्ट करणारा माणूस समजतात. यातलं कोणतंही चालेल, पण ते ईमेल पत्त्यात किंवा सर्व्हरच्या नावात गेलं नाही पाहिजे. पत्ता ‘सपोर्ट’ असा कामाचा असावा. डोमेन रजिस्ट्रेशन, इंटरनेट कनेक्शन, फायरवॉलचं लायसन्स यांची खाती कुणाच्या वैयक्तिक जीमेलवर नकोत. माणूस गेला, की रिन्युअलची सूचनाही त्याच्याबरोबर जाते.

हुद्द्यांबाबत एक सावधगिरी. आपल्याकडे ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे शिडीची पहिली-दुसरी पायरी. परदेशी ग्राहक तोच शब्द वरिष्ठ अधिकारी म्हणून वाचतो. वाळूजचे पुष्कळ पुरवठादार बाहेरच्या वाहन कंपन्यांना माल देतात. त्यांच्या ऑडिटरला ‘आयटी एक्झिक्युटिव्ह’ने पॉलिसीवर सही केलेली दिसली, की तो ती संचालकाची समजतो. ईमेलच्या सहीत काम लिहा: डेस्कटॉप सपोर्ट इंजिनिअर, नेटवर्क इंजिनिअर, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. ग्रेड एचआरकडे राहू द्या. टोनर बदलणाऱ्या आणि पीसी फॉरमॅट करणाऱ्या मुलाला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून घेतलं, तर त्याच्यावर अन्याय होतो. पुढच्या मुलाखतीत त्याला फायरवॉलचे प्रश्न विचारतात. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपनीला संपर्क व्यक्ती नेमावी लागते आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. ती जबाबदारी कोणत्या हुद्द्याची, हे आधीच लिहून ठेवा.

लेबलचा प्रश्न उरतो. बिलाच्या मशीनवर निघतो तसला थर्मल कागद आपल्या मे महिन्यात टिकत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तो काळा पडतो किंवा पुसट होतो. पॉलिएस्टर लेबल आणि लेबल प्रिंटरची रेझिन रिबन घ्या, कूलंट आणि तेलाच्या हातांनाही ते पुरतं. मोठ्या अक्षरात नाव, खाली बारकोड, त्याखाली सपोर्टचा एक्स्टेन्शन. लॅपटॉपला तळाशी न लावता कीबोर्डच्या कडेला लावा, म्हणजे फोनवर वाचून दाखवता येतं. हवेची जाळी झाकू नका.

मशीन भंगारात काढताना डोमेनमधलं खातं आधी डिसेबल करा, महिन्याने काढा. डीएनएस आणि अँटिव्हायरसच्या कन्सोलमधली नोंद पुसा, रजिस्टरमधली मात्र ठेवा. तिथे तारीख आणि ई-कचऱ्याच्या पावतीचा नंबर लिहा. तो क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि त्यांत जुनं ०४१७ आणि नवं ०४१७ एकत्र आले तर कोणती नोंद कोणत्या मशिनाची, हे सांगता येत नाही.