गवताचं राज्य आणि दोन जागी पुरलेला सरदार

आयर्लंडमध्ये काऊंटी मीथला राहते म्हटलं की घरचे विचारतात, तिथे बघायला काय आहे? खरं सांगू, पहिल्या नजरेत फक्त गवत. डब्लिनच्या वायव्येला पसरलेला सखल प्रदेश, मधून बॉइन नदी, डोंगर म्हणावं असं काही नाही, लॉक्रूच्या टेकड्या सगळ्यात उंच आणि त्याही 276 मीटरच. पण बाराव्या शतकात भांडणं लागली ती ह्याच गवतासाठी, कारण जिथे गुरं पोसतात तिथे पैसा, आणि इथली जमीन म्हणजे नुसतं लोणी.

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री 1171 ला आयर्लंडमध्ये उतरला आणि 1172 मध्ये त्याने अख्खं मीथ (तेव्हा आजचं वेस्टमीथपण त्यातच) ह्यू द लेसी नावाच्या नॉर्मन सरदाराला देऊन टाकलं, बदल्यात 50 नाइट्सची (म्हणजे घोडेस्वार योद्ध्यांची) चाकरी. ह्यूने बॉइनकाठी ट्रिमला लाकडी गढी उभारली, तर 1173 मध्ये कॉनॉटचा (आयर्लंडचा पश्चिम भाग) राजा रोरी ओ'कॉनर चाल करून आला, तेव्हा ह्यूच्या माणसांनी स्वतःच ती जाळून पळ काढला! मग दगडी बांधकाम सुरू झालं. आपल्याकडे किल्ला म्हटलं की आधी चढण, इथे तुम्ही गावातल्या फुटपाथवरून थेट दरवाजात. मधला बुरुज मात्र बघाच, चौकोनाच्या चारही बाजूंना एकेक मनोरा जोडून वीस बाजू केल्यात, चारपैकी तीन मनोरे उरलेत, वर जायचं तर गाईडबरोबरच.

पुढे ह्यूने परवानगी न घेताच त्याच रोरीच्या मुलीशी लग्न केलं, हेन्रीला वाटलं हा आता स्वतःच राजा होणार. पण 1186 मध्ये डरो नावाच्या ठिकाणी जुन्या मठाच्या जागेवर किल्ला बांधून घेत असताना एका आयरिश माणसाने कुऱ्हाडीने त्याचं डोकंच उडवलं. नंतर 1195 मध्ये धड पुरलं ट्रिमजवळच्या बेक्टिव्ह मठात आणि डोकं डब्लिनच्या सेंट थॉमस मठात, मग दोन मठांत जुंपली की बाकीचा ह्यू कोणाचा. एवढ्या बड्या माणसाची कबर म्हणजे मठाचा केवढा रुबाब, सोडतंय कोण! शेवटी 1205 ला निकाल डब्लिनच्या बाजूने लागला आणि धडही तिकडे गेलं.

बेक्टिव्हचे अवशेष शेतातच आहेत, गेलात तर चांगले बूट घाला, गवत कायम ओलं असतं.