ओला स्लॅब आणि आमचा अध्यक्ष

रात्रीचे साडेअकरा. आज साइटवर परत तेच, मालक म्हणतो सेंट्रिंग (ओल्या स्लॅबला खालून दिलेला प्लेटा-टेकूंचा आधार) काढा, वरच्या मजल्याला प्लेटा हव्यात, मी म्हटलं अहो साहेब स्लॅब भरून आठच दिवस झालेत. फणफणत गेला. मी आपला पाइप घेऊन पाणी मारत बसलो.

घरी येऊन माझ्या लाडक्या स्पॅनिश फुटबॉल क्लबची, अ‍ॅटलेटिको माद्रिदची मॅच लावली तर डोक्यात सारखा हेसुस हिल. १९८७ ते २००३ क्लबचा अध्यक्ष, म्हणजे मालकच म्हणा. नुसता तमाशा होता तो माणूस. कोच तर शर्ट बदलावा तसे बदलायचा, इम्पेरिओसो नावाच्या घोड्याशी गप्पा मारायचा, टीव्हीवर जकुझीत बसून शो करायचा. वर स्पेनमधल्याच मार्बेया शहराचा महापौर, आणि त्याच पालिकेचे पैसे क्लबच्या शर्टावर जाहिरात म्हणून फिरवले, शेवटी त्या भानगडीत २००२ ला खुर्ची गेली. पैसे वाचवायला १९९२ मध्ये ज्युनियर टीम्सच बंद केल्या, त्यात १५ वर्षांचा राऊल, पुढे मोठा स्टार झालेला, उठून गेला आमच्या शहरातल्याच कट्टर वैऱ्याकडे, रिअल माद्रिदला! आणि लीगमधला पहिला गोल मारला तो आमच्यावरच. यावर काय बोलणार.

पण १९९६ ची लीग आणि कप दोन्ही त्याच्याच काळात आले, त्या टीममध्ये सिमिओने हा खेळाडू होता आणि सिमिओनेमुळेच तर मी या क्लबच्या नादाला लागलो, त्यामुळे शिव्या घालतानाही जीभ जरा अडखळते. २००० मध्ये खालच्या डिव्हिजनला गेलो तेही त्याच्याच राज्यात म्हणा.

हे सगळं हसून सांगता येतं. १९६९ चं नाही येत. सेगोव्हियाजवळ लॉस आंखेलेस दे सान राफाएल म्हणून त्याची वसाहत, तिथल्या हॉटेलचा हॉल घाईघाईत उभा केला, ना आर्किटेक्ट ना धड नकाशे, सिमेंट पुरतं वाळलेलंही नव्हतं म्हणतात. आत माणसं जेवायला बसलेली, सगळं कोसळलं. ५८ गेले. शिक्षा झाली, पण स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, त्याने माफी दिली आणि हा गडी बाहेर. क्लबच्या शेअर्सचंही तेच, लबाडीने मिळवले असं कोर्टाने म्हटलं पण खटल्याची मुदत उलटून गेलेली. २००४ मध्ये वारला.

मॅच कधी संपली कळलंच नाही. उद्या सातला पाणी मारायला जायचंय. सेंट्रिंग काढायचंच असेल तर लेखी द्या म्हणणार आहे, बघू काय करतो.