काळी पाचच्या जरा वर

दांडिया बाजारातल्या आमच्या स्टुडिओत एरवी गरबा, भजनं नाहीतर जाहिराती. मुंबईचे एक जॅझ ट्रम्पेटवादक, आम्ही त्यांना दादा म्हणतो, 'बडोद्यातच रेकॉर्ड करायचंय' म्हणाले, तेव्हा मला कारण कळेना. कारण होतं इथल्या एका बँडवाल्या काकांच्या कपाटात: इको कॉर्नेट.

कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. त्याला बोटांनी दाबायचे तीन व्हॉल्व्ह असतात, याला चार. पुढच्या पसरट तोंडाशिवाय, म्हणजे बेलशिवाय, बाजूला दुसरी छोटी, जवळजवळ मिटलेली बेल. चौथा व्हॉल्व्ह दाबला की फुंक मोठ्या बेलऐवजी तिकडे वळते आणि तोच सूर लांबून कुठून तरी आल्यासारखा येतो. जॅझवाले हा परिणाम म्यूटने, म्हणजे बेलच्या तोंडात घालायच्या बुचाने, साधतात. जॅझच्या सुरुवातीच्या काळातला किंग ऑलिव्हर कॉर्नेटच वाजवायचा आणि म्यूटच्या कामासाठीच त्याचं नाव. पण म्यूट घालायला हात मोकळा लागतो, मात्रा जातात. इथे ओळीच्या मधोमध आवाज पालटतो. बेलवर कोरलंय 'बूझी अँड कंपनी, लंडन'. हॉक्सचं नाव नाही, म्हणजे १९३० मध्ये बूझी आणि हॉक्स या दोन कंपन्या एक झाल्या त्याआधीचं वाद्य.

दादांनी पहिला सूर लावला, बी फ्लॅट, म्हणजे पेटीची काळी पाच पट्टी, आणि ट्यूनरचा काटा मधेच थांबला. तबलावादक म्हणाला, "काळी पाचच्या वर आहे, पण पांढरी सातला पोचत नाही." अगदी बरोबर. जुने ब्रिटिश बँड 'हाय पिच'मध्ये वाजायचे, त्यात ए हा सूर म्हणजे साधारण ४५२ हर्ट्झ. आजचा ए ४४०. फरक जवळजवळ पाव स्वराचा. ब्रास बँडांनी तो सूर १९६० च्या दशकात सोडला.

ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, दोनेक सेंटीमीटर ओढली असती तर सूर उतरला असता, पण ती जाम होती. दादांनी हात लावताच काका पुढे झाले. "नको, साहेब. हिसका बसला तर नळी जाईल." मी कॉम्प्युटरवर सूर उतरवून ऐकवला. पितळेची धारच गेली होती. दादांनी मान हलवली आणि मी ती फाइल पुसली.

"मग याचाच सा धरू या की," तबलावादक म्हणाला. तो इथल्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत शिकलेला, म्हणजे सयाजीरावांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांनी उभ्या केलेल्या गायनशाळेच्या परंपरेतला. गवयाचा सा बघून वाद्यं लावायची, हे त्याचं रोजचंच. त्याने हातोडी घेऊन गट्टे ठोकले, तानपुरा चढला, डबल बासच्या खुंट्या फिरल्या, कीबोर्डवर ४५२ चा आकडा घातला. पेटी तेवढी बाजूला ठेवली, तिचे सूर असे हलत नाहीत. एका जुन्या वाद्यासाठी अख्खी खोली जागची हललेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला ते फार आवडलं.

खरी मेहनत माइकची. मोठी बेल खणखणीत, छोटी जेमतेम कुजबुजणारी. माइकचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, छोटीला जमवला की मोठी फाटायची. शेवटी रिबन माइक चार हात लांब ठेवला आणि दुसरा छोट्या बेलच्या तोंडाशी, कानाने शोधत शोधत. दोन्ही ट्रॅक वेगळे, लहानमोठा आवाज एकसारखा करणारा कॉम्प्रेसर नाही. त्या जवळच्या माइकमध्ये व्हॉल्व्हचा 'टक्' यायचा. दादांना विचारलं, काढू का? "नको. ते बोट आहे माझं."

विलंबित तीनतालात त्यांनी ब्लूजची एक ओळ मोठ्या बेलमधून सोडली आणि तिचंच उत्तर छोट्या बेलमधून दिलं. दोन वादक समोरासमोर बसल्यासारखं वाटत होतं. समेवर यायला पुन्हा मोठी बेल! तबलावादकाच्या तोंडून "वाह" निघालं, तेही टेकमध्ये आलंय. ते मी ठेवलंय.

पुढच्या आठवड्यात मुंबईहून मास्टरिंगवाल्याचा फोन आला. "फाइल फास्ट चाललीये का? सगळंच वर आहे." म्हटलं, वेग बरोबर आहे, सूर असाच ठेवा, आणि कीबोर्ड जोडून बघणार असाल तर ४५२ वर लावून घ्या.