दारात उभा राहणारा भाचा

नागपूरच्या माणसाची मुंबईच्या लोकलशी पहिली ओळख बहुधा विदर्भ एक्सप्रेसच्या खिडकीतून होते. कसारा घाट उतरून झालेला असतो, डब्यातली अनुभवी मंडळी सीटखालच्या बॅगा ओढायला लागलेली असतात, कोणीतरी रात्रीचा उरलेला चिवडा संपवत असतो. कल्याण सुटलं, उजाडायला लागलं, की शेजारच्या रुळावर एक पांढरी-जांभळी गाडी येऊन आपल्या बरोबरीने पळू लागते. आपण अजून अर्धवट झोपेत, आणि समोर दारात उभी असलेली माणसं आंघोळ करून, भांग पाडून, डबा घेऊन ऑफिसला निघालेली.

त्या वेळी नीट बघितलं तर कळतं, की ती गाडी आपल्या गाडीपेक्षा रुंद आहे. लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा सव्वातीन मीटरच्या आसपास असतो, लोकलचा ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट. फरक जेमतेम सव्वा-दीड फुटाचा. पण एवढ्या जागेत मुंबईवाले काय काय बसवतात! तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, आणि त्या अर्ध्या मांडीच्या जागेला 'चौथी सीट' असं रीतसर नाव आहे. ती मागताना तोंडाने काही बोलायचं नसतं, नुसती हाताची दोन बोटं हलवायची, की तिघं जण विनातक्रार सरकतात. आपल्याकडे एवढ्यावर भांडण झालं असतं.

हे सगळं मला शिकवलं माझ्या भाच्याने. बहीण लग्न होऊन डोंबिवलीला गेली, आणि तिचं पोरगं लोकलच्या नादी लागलं. नादी म्हणजे कसं, तर प्लॅटफॉर्मवर पाठ करून उभा राहतो आणि मागून येणाऱ्या गाडीत कोणत्या कंपनीची विजेची यंत्रणा आहे ते नुसत्या आवाजावरून सांगतो. "मामा, सिमेन्स." पुढची आली की, "बंबार्डियर." मग, "ही मेधा." मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. "बाप्पा, तुले समजते कसं?" म्हटलं, तर म्हणाला, गाडी सुटताना आवाज कसा चढत जातो ते ऐक, प्रत्येकीचा वेगळा असतो. मी ऐकलं. मला फक्त एका काकांनी "अहो, आत चला ना" म्हटलेलं ऐकू आलं.

पण त्याच्यामुळे सिमेन्सची हकीकत कळली. २००७ च्या नोव्हेंबरात ही गाडी मुंबईत धावू लागली. डबे चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यातले, पोटातली विजेची यंत्रणा सिमेन्सची, पैशाला हातभार जागतिक बँकेच्या कर्जाचा; प्रवाशांनी नाव मात्र एकाचंच लावलं. त्या काळात मुंबईची लोकल अजून बहुतांश १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालत होती. बाकी देशातले विजेचे रेल्वेमार्ग बहुतेक सगळे २५ हजार व्होल्ट एसीवर, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर, गेलेले, मुंबईचंही बदलायचं ठरलेलं, पण टप्प्याटप्प्याने. धावती लोकल चार दिवस बंद ठेवून तारा बदलू म्हणायची सोय त्या शहरात नाही. म्हणून नव्या गाड्या दोन्हींवर चालणाऱ्या केल्या. आमच्याकडची पोरगी पुण्याला दिली, की ती सासरी "कशाला" म्हणते आणि अजनी स्टेशनवर उतरल्याबरोबर "कायले" म्हणते, तसंच. दोन प्रकारच्या विजेच्या मधल्या एका ठिकाणी तारेत वीजच नसते, तेवढ्यात गाडीने आपापलं बदलून घ्यायचं.

डीसीची गोष्ट सुरू झाली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला, हार्बरच्या मार्गाने. देशातली विजेवरची ती पहिली रेल्वेगाडी, चार डब्यांची. (आमच्या नागपूर स्टेशनची दगडी इमारत त्याच हिवाळ्यात खुली झाली. इथे अर्थात तेव्हा सगळा कोळशाचा कारभार.) पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये डीसी सोडलं, मध्य रेल्वेच्या मेन लाईनने २०१५ मध्ये, आणि शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली ती पुन्हा हार्बरवरच. भाच्याला त्या रात्री कुर्ल्याला जायचं होतं. बहिणीने जाऊ दिलं नाही. हा विषय आमच्या घरी अजून निघतो.

मला स्वतःला त्या गाडीतली सगळ्यात विचार करून केलेली गोष्ट वाटते ती छपरातली. पंखे तर जुन्या गाड्यांतही होते, अर्धे बंद, अर्धे कंगव्याने फिरवून चालू करायचे. सिमेन्समध्ये बाहेरची हवा आत ढकलणारे ब्लोअर बसवले. कारण असं, की भरलेल्या डब्यात माणसांनी सोडलेल्या श्वासानेच हवा कोंदट होते. रेल्वेच्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी. घरी जाऊन मी फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखला. त्यात मी, बायको आणि दोन पोरं उभी राहिलो, तर बायको म्हणाली, "पुरे झालं, पोळ्या राहिल्या माझ्या." चौघांत एवढं. अजून दहा जण यायचे होते.

अशा गाडीत रोज उभं राहून माणसाचं अंगच वेगळं घडतं. पाठीवरची सॅक आपोआप पोटावर येते. उतरायच्या दोन स्टेशनं आधी पुढच्याच्या खांद्यापाशी तोंड नेऊन "दादर?" एवढंच विचारायचं, त्याने मान हलवली तर त्याच्या मागे लागायचं, नाही तर जागा बदलून घ्यायची. संध्याकाळी बसायला मिळावं म्हणून दोन-तीन स्टेशनं उलट्या दिशेने जाऊन तीच गाडी पकडणारे लोक आहेत. खिडक्यांतही जाती आहेत, गाडी ज्या दिशेला चालली तिकडे तोंड असलेली 'हवेची', आणि दुसरी नुसतीच खिडकी.

आणि दार. ते कायमचं उघडं. सगळी सोय आणि सगळा घात तिथेच आहे. वीस-तीस सेकंदांच्या थांब्यात एवढी माणसं आतबाहेर व्हायची तर दार उघडं हवं, हे खरंच. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं खाली पडून काहींचा जीव गेला, तेव्हा भाच्याने फोनवर गाड्यांविषयी एक शब्द काढला नाही. त्यानंतर रेल्वेने सांगितलं, की यापुढच्या साध्या, थंड हवेची सोय नसलेल्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं लावू, दारांना झडपा ठेवू म्हणजे हवा येईल, छपरातून हवा सोडू आणि डबे आतून जोडू. बंद दारांची वातानुकूलित लोकल तर २०१७ च्या नाताळापासून धावतेच आहे. तिचं तिकीट महाग, म्हणून ती निराळ्या लोकांची. माझं मत विचाराल, तर दारं आधीच लागायला हवी होती. मुंबईकर म्हणतात, "तुम्हाला नाही कळायचं." तेही खोटं नसेल.

आमच्याकडे हे शिक्षण कोणालाच मिळालं नाही. नागपूर गाडीचं म्हणजे दुचाकीचं गाव. रेल्वेत रोजचा प्रवास म्हटला तर नागभीडच्या छोट्या लाईनचा, उमरेडकडून भाजी-दूध घेऊन येणारी ती गाडी, तीही २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये आम्हाला मेट्रो मिळाली. पहिल्या दिवसापासून पंचवीस हजार व्होल्टवर, तीन डब्यांची, चीनमधल्या दालियानच्या कारखान्यात बनलेली. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, अशा ३.१४ किलोमीटरच्या पुलाची गिनीजमध्ये नोंद झाली, आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना तो दाखवायला नेतो. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर पंचेचाळीस असताना, ती डब्यातली थंड हवा! काही लोक केवळ त्यासाठी बसत असावेत असा माझा संशय आहे. पण स्टेशनपासून घरी कसं जायचं हा प्रश्न सुटला नाही तोवर नागपूरकर स्कूटर सोडत नाही, त्यामुळे दुपारी डबा मोकळा असतो.

अशा मोकळ्या डब्यात मी भाच्याला घेऊन सुभाष नगरला चढलो. अख्खी सीट रिकामी. हा सॅक पोटावर घेऊन दाराच्या खांबाला पाठ लावून उभा. अंबाझरीचं पाणी दिसलं, त्याने बघितलं नाही. त्याचं लक्ष सुटतानाच्या आवाजाकडे.

"अबे बस ना, काय करून राहिला तू तिथं?"

"नको मामा, आपल्याला उतरायचंय ना."

"सीताबर्डी आहे बे. लई टाइम आहे."

शंकर नगर आलं नाही तोच त्याने दारापाशी उभ्या असलेल्या एकुलत्या एक आजोबांना विचारलं, "सीताबर्डी?" आजोबा नागपूरचे. त्यांना वाटलं पोरगं चुकलं. त्यांनी त्याला हाताला धरून सीटवर बसवलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, डोंबिवलीला आपला साडू राहतो हे सांगितलं, आणि सीताबर्डी आली की सांगतो म्हणाले. सीताबर्डी आली. ते बोलतच होते. आम्ही पुढच्या स्टेशनला उतरलो.

घरी चहा घेताना बायकोने सांगितलं, की आमची मेट्रो वाढदिवसासाठी तासाच्या हिशेबाने भाड्यानेही मिळते, आत फुगे लावून केक कापता येतो. भाचा एकदम सावरून बसला. डब्याची लांबी किती, रुंदी २.९ मीटर ना, सीटा वजा करून उभं राहायला किती उरतं, असं काहीतरी कागदावर मांडलं आणि म्हणाला, "मामी, आपल्या लोकलच्या हिशेबाने अख्खी डोंबिवलीची शाळा येईल."

"येऊ दे," बायको म्हणाली, "पण मग केक कोणाच्या डोक्यावर ठेवू?"